तालमीतला मंत्री

त्याने फोन पहारेकऱ्यापुढच्या ताटलीत ठेवला आणि तेवढ्यात तो वाजायला लागला. वाजला म्हणजे नुसता थरथरला. पण ताटली पत्र्याची असल्यामुळे तेवढ्याचाही केवढा तरी गलका झाला आणि रांगेतले मागचे दोघे माना उंच करून बघायला लागले. पडद्यावर ‘घर’ असं आलं होतं. बायकोचा नंबर त्याने पहिल्यापासून याच नावाने ठेवला होता, ती कुठूनही बोलत असली तरी. पहारेकऱ्याने हातातली पिशवी बाजूला धरली आणि म्हणाला, “घ्या साहेब, बोलून घ्या. अजून दाराच्या बाहेरच आहात तुम्ही.” त्याने ताटलीकडे पाहिलं. “राहू दे,” तो म्हणाला. पहारेकऱ्याला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. थरथरणारा फोन त्याने तसाच पिशवीत टाकला, तोंड बांधलं, चिठ्ठी अडकवली आणि पिशवी खणात सरकवली. खणातून थोडा वेळ घरघर येत राहिली, मग थांबली. तोवर हा आत जाऊन जिना चढायला लागला होता. तिसऱ्या मजल्यापर्यंत त्याला काहीच वाटलं नाही. तिथे कोट काढून खुर्चीवर टाकताना मात्र त्याच्या लक्षात आलं, की ‘राहू दे’ हे आपण फार सफाईने म्हणालो. अडखळलो असतो तर बरं झालं असतं.

या मजल्याला सगळे कोंडवाडा म्हणत. वर्षातून एकदा, अर्थसंकल्पाच्या आधी, खात्यातली मोजकी माणसं इथे कोंडून घेतली जात: भाषण लिहिणारे, आकडे तपासणारे, टंकलेखन करणारे, छापणारे. सभागृहात अर्थमंत्र्यांचं शेवटचं वाक्य बोलून होईपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. झोपायला लोखंडी खाटा, जेवायला एकच लांब टेबल, खिडक्यांना तपकिरी कागद. बाहेर ढग आहेत की ऊन, हेसुद्धा कागदाच्या रंगावरून ठरवावं लागे. त्याचं इथलं काम असं होतं, की बाहेर कुणाला सांगितलं तर हसू यावं. अर्थमंत्र्यांचं भाषण तो त्यांच्याआधी वाचून दाखवायचा. छापण्याआधी, घड्याळ लावून, उभं राहून, मोठ्याने. मंत्री बदलले, सरकारं बदलली, तालमीचा आवाज तोच राहिला, कारण त्याच्या वाचण्याचा वेग ‘कुणाही मंत्र्याला बसतो’ असं जुन्या सचिवांनी एकदा म्हणून ठेवलं होतं. आकडेवारीवाला, म्हणजे गोल चष्मा लावणारा एक कंटाळलेला गृहस्थ, सत्ताधारी पक्ष व्हायचा आणि जागा येईल तिथे टेबल बडवायचा. मुख्य टंकलेखिका विरोधी पक्ष. “शरम करा!” हे ती इतक्या मनापासून ओरडायची, की एका वर्षी छापखान्यातला माणूस काय झालं म्हणून धावत आला होता. पाण्याचे घोट, टाळ्या, आरडाओरडा, सगळं धरून भाषण किती लांबतं ते पाहायचं आणि मग कात्री लावायची. कोंडवाड्यातले ते दिवस सगळे त्याला मंत्रीमहोदय म्हणत. मंत्रीमहोदय, चहा. मंत्रीमहोदय, तुमचा मोजा पडलाय. बाहेर गेल्यावर तो पुन्हा उपसचिव.

काल संध्याकाळी बायको म्हणाली होती, “त्यांना उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय.” ती स्वयंपाकघरात उभी होती आणि बोलताना तिने गॅस बंद केला. त्यावरून त्याने ओळखायला हवं होतं. त्यांना म्हणजे समुद्राकाठच्या त्या दुसऱ्या शहरातल्या इस्पितळाला. ती वाचा-उपचार करायची. झटका येऊन ज्यांची वाचा गेली त्यांना पुन्हा बोलतं करायचं, एकेक अक्षर, एकेक श्वास. तिथे नवा विभाग निघत होता आणि तो तिने सांभाळावा असं त्यांचं म्हणणं होतं. मुलगी तिच्याबरोबर जाणार, हेही आपसूक ठरल्यासारखं होतं. मुलगी दहा वर्षांची आणि तिला समुद्र हवा होता. “तुला जे योग्य वाटेल ते,” तो म्हणाला. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. “सगळ्या बाजूंचा विचार केला तर,” तो पुढे म्हणाला, “संधी चांगली आहे. इकडची व्यवस्था लावता येईल. पहिलं वर्ष थोडं ओढाताणीचं जाईल, पण एकंदरीत—” “एकंदरीत,” ती म्हणाली. मग बराच वेळ ओटा पुसत राहिली, पुसलेलाच पुसत. “मला तुझी परवानगी नकोय. तुझा सल्लापण नकोय. मी गेले तर तुझं काय होईल, एवढंच सांग. तू ते सांगितलंस तर मी पुन्हा विचार करीन, अगदी मनापासून करीन. आणि नाही सांगितलंस तर जाईन. धमकी देत नाहीये मी. मला खरंच माहीत नाही रे तुझं काय होईल ते.” तो म्हणाला, “सांगतो.” आणि उठून बॅग भरायला घेतली. वेळ मारून न्यायची होती असंही नाही. खरोखरच त्याला शोधायला वेळ हवा होता. एखादा कागद नक्की आपल्याच खणात आहे हे माहीत असावं आणि तो हाताला लागू नये तसं झालं होतं. सकाळी बायको न्हाणीघरात असताना तो बॅग घेऊन निघाला. आणि कोंडवाड्याच्या दारात पोचेपर्यंत तिचा फोन.

तालीम जेवणानंतर सुरू झाली. लांब टेबल पुसून घेतलं होतं तरी त्याला सूपचा वास येत होता. सचिव टोकाला बसले, पुढ्यात घड्याळ. त्याने चष्मा लावला, घसा साफ केला आणि वाचायला लागला. वाचायला लागलं की तो स्वतः कुठेतरी मागे जाऊन बसायचा, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं आणि त्यात त्याला सुखच वाटायचं. आवाज पुढे चालायचा, खर्जातला, सावकाश, कुठे चढायचं कुठे उतरायचं ते बरोबर ठाऊक असलेला. बायकोने त्याला पहिल्यांदा ऐकलं ते एका सभेत, कुणाचा तरी संदेश वाचून दाखवताना. संदेश पाठवणारा आजारी होता म्हणून हा वाचत होता. नंतर ती येऊन म्हणाली होती, “तुमच्या श्वासात एकही चूक नाही.” त्याला ती स्तुती वाटली. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी, कुठल्याशा भांडणाच्या अखेरीला, ती थकून म्हणाली, “माझ्याकडे येणाऱ्या माणसांना एक शब्द काढायला घाम फुटतो, पण तो शब्द त्यांचा असतो. तुझ्यात दोषच नाही, आता मी उपचार कशावर करू?” तेव्हा दोघंही हसली होती. हसून विषय संपला असं त्याने धरलं. आता तो महागाईचा परिच्छेद वाचत होता. महागाई आटोक्यात आहे. आकडेवारीवाल्याने टेबल बडवलं. “बाजारात जाऊन बघा!” विरोधी पक्ष ओरडला. “टोमॅटोचा भाव विचारा एकदा!” हशा झाला, सचिवही हसले. तो टाळ्यांपुरता थांबला, पाण्याचा घोट घेतला, पान उलटलं.

पुढचा परिच्छेद स्थैर्याचा होता. तो दरवर्षी असायचा आणि दरवर्षी त्यानेच लिहिलेला असायचा. मंत्र्यांना वाढ आवडायची, वाढीचे परिच्छेद मंत्र्यांची माणसं लिहून पाठवायची, नवे रस्ते, नवी बंदरं, नव्या नोकऱ्या. स्थैर्य लिहायला कुणी उत्सुक नसायचं. त्याला स्थैर्य लिहायला जमायचं. तूट मर्यादेत, गंगाजळी पुरेशी, कर्जाचा भार झेपेल इतका. यंदा त्याने लिहिलं होतं, ‘बाहेर कितीही उलथापालथ झाली तरी या घराचा पाया हलणार नाही, अशी तजवीज आम्ही केली आहे.’ लिहिताना वाक्य चांगलं वाटलं होतं. सचिवांनी समासात बरोबरची खूण केली होती. आता ‘या घराचा’ इथपर्यंत तो आला आणि आवाज बंद पडला. घसा बसला नव्हता, ठसका लागला नव्हता. पुढचा शब्द डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत होता आणि तोंडातून निघत नव्हता. त्याला वाटलं, बायकोकडची माणसं अशीच उभी राहत असतील. आकडेवारीवाल्याला वाटलं इथे टाळ्या आहेत, त्याने दोनदा टेबल बडवलं आणि मग कुणी काहीच बोलत नाही असं पाहून हात मागे घेतला. विरोधी पक्षाने खुर्ची सरकवली आणि अगदी आपल्या घरच्या आवाजात विचारलं, “काय झालं हो? बरं वाटत नाहीये का?” “पाणी द्या,” सचिव म्हणाले, आणि घड्याळ थांबवलं. तालमीत घड्याळ आजवर कधी थांबलं नव्हतं. मग ‘घराचा’ शब्द खोडून ‘व्यवस्थेचा’ करावा का, यावर चर्चा झाली. व्यवस्थेचा पाया हे जरा कोरडं होतं, पण कोरडं चालेल असं ठरलं. त्याने ते वाचलं. आवाज सुरळीत निघाला.

चहाच्या वेळी आकडेवारीवाला त्याच्या शेजारी येऊन बसला. “मंत्रीमहोदय, आज सरकार पडता पडता राहिलं,” तो म्हणाला आणि बिस्किट चहात बुडवून मऊ होण्याची वाट बघत बसला. मग नेहमीसारखा आपल्या रकान्यांवर आला. अर्थसंकल्पात आकड्यांचे तीन रकाने असतात. येत्या वर्षाचा अंदाज. चालू वर्षाचा सुधारित अंदाज. आणि प्रत्यक्ष, पण प्रत्यक्ष हे गेल्या वर्षाचं, कारण खरोखर काय झालं ते कळायला तेवढा वेळ लागतोच. “देश म्हणजे काय मजा आहे बघा,” आकडेवारीवाला म्हणाला, “काल आपण कसे होतो हे आपल्याला परवा कळणार. तोवर अंदाजपंचे.” बिस्किट तुटून कपात पडलं. हा ‘हूं’ म्हणाला. त्याला वडील गेल्याचं आठवलं. तेव्हा त्याने सगळं नीट केलं होतं, लोकांना कळवलं, कागदपत्रं केली, आलेल्यांना बसवलं, धीर दिला. एका मावशीने तर “पोरगा किती खंबीर” म्हणून त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आणि पुढे कधीतरी, चपलांच्या दुकानात, वडिलांच्या मापाचा जोड समोर दिसला आणि तो तिथेच बाकावर बसून हमसून हमसून रडला. दुकानदाराला वाटलं चपला महाग वाटल्या. बायको शेजारी बसून राहिली आणि उठताना तिने तो जोड विकत घेतला. म्हणजे बायको गेल्यावर आपलं काय होईल हेही आपल्याला असंच उशिरा कळेल, असा त्याने हिशोब केला. कळणार नाही असं नाही. पण तेव्हा मुलगी समुद्राला सरावलेली असेल, आणि ती बातमी सांगावी, तर तोवर विचारणारंच कुणी नसेल. चहा अर्धा टाकून तो उठला.

कोंडवाड्यात एकच फोन होता, जिन्याजवळच्या खोलीत. अगदीच नड असेल तर तिथून घरी बोलता यायचं, मात्र त्या फोनला दोन रिसीव्हर होते आणि दुसरा सुरक्षा शाखेच्या बाईंच्या कानाला. त्यांना सगळे ‘दुसरा कान’ म्हणत, आणि त्यांना ते माहीत होतं. बाई विणकाम करत बसल्या होत्या. समोर कुणासाठी तरी पिवळा स्वेटर, एक बाही झालेली. “घरी?” त्यांनी विचारलं. “आजारपण?” “नाही,” तो म्हणाला, “तसं नाही. पण आजच बोलायला हवं.” बाईंनी त्याला थोडं न्याहाळलं. तालमीत काय झालं ते इथवर पोचलं असणार. कोंडवाड्यात दुसरी करमणूक काय असते. “नियम माहीत आहेत ना साहेब? भाषणातलं काही नाही. आणि सूचना नाही. अमुक कर, तमुक करू नकोस, थांब, घाई कर, काही म्हणजे काही सांगायचं नाही. एकाने आत बसून बायकोला ‘गाडी या आठवड्यात घेऊ नकोस’ म्हणून सांगितलं होतं, तेव्हापासून आहे हे.” “मग बोलायचं काय?” त्याने विचारलं. विचारताना तो जरा चिडलाच होता. सगळा दिवस, वाचताना, चहा पिताना, त्याच्या मनात एकच वाक्य तयार होत होतं, ‘जाऊ नकोस.’ तेवढं म्हटलं की झालं असं त्याला वाटत होतं. आणि तेच नेमकं बंद. बाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. “लोक बोलतात की. बरा आहे, कंटाळा आलाय, आठवण येते. तुम्हाला काय वाटतं ते बोला. त्याला कुठे बंदी आहे?” त्यांनी सहज सांगितलं, नियम सांगावा तसं. त्याला वाटलं, हीच गोष्ट काल बायकोने ओट्यापाशी उभं राहून विचारली होती, आणि आता सरकारही तेच म्हणतंय.

बाईंनी नंबर फिरवला. पलीकडे लगेच उचलला गेला. “सकाळी फोन केला होतास,” तो म्हणाला. “हो,” बायको म्हणाली. “तू न सांगता निघून गेलास म्हणून केला. मग म्हटलं, आत शिरला असशील.” तो शिरला नव्हता, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. “कळवलंस त्यांना?” “अजून नाही. संध्याकाळ व्हायचीय.” मागे नळ चालू होता, तो तिने बंद केला. “तू जाऊ—” एवढं तो बोलला आणि दुसऱ्या कानाने बोट वर केलं. “साहेब, सूचना.” “कोण आहे?” बायकोने विचारलं. “ऐकणाऱ्या बाई. नियम आहे.” “बरं,” बायको म्हणाली, आणि थांबून राहिली. ती थांबायची तशी. तिच्या समोर बसलेल्या माणसाला अक्षर सापडत नसलं की ती अशीच थांबते, मदत करत नाही, बघतही नाही त्याच्याकडे. त्याने रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला. हात घामेजला होता. श्वास चुकीच्या जागी घेतला गेला, त्यामुळे पहिला शब्द अर्धाच आला. “भी... मला भीती वाटते. तू गेलीस तर, म्हणजे घरात, घरात बसायचं कुठल्या खोलीत तेच मला कळणार नाही.” सुरक्षा शाखेच्या बाई खाली पिवळ्या बाहीकडे बघत होत्या. पलीकडून बायकोचा श्वास ऐकू आला, एकदा, मग पुन्हा. मग तिने विचारलं, “हे कुणी लिहून दिलं?” टोमणा नव्हता तो. दुखतंय ते नक्की कुठे, हे विचारावं तसा तिचा आवाज होता, आणि तो जरा ओला झाला होता. “कुणी नाही,” तो म्हणाला. “खरंच?” “खरंच कुणी नाही.” “मग परत म्हण,” ती म्हणाली. “एकदाच. मला नीट ऐकू दे.”

तो म्हणाला. शब्द तेच होते. अर्धा शब्द तेवढा गळला. “मला भीती वाटते. तू गेलीस, तर घरात कुठल्या खोलीत बसायचं, हेच मला कळणार नाही.” भीतीच्या आधी किंचित थांबणं झालं, खोलीपाशी आवाज हलका झाला, शेवट खर्जात उतरला. बोलता बोलताच त्याला ऐकू आलं की हे चांगलं येतंय, आणि चांगलं येतंय हे कळल्यावर थांबणं त्याच्या हातात राहिलं नाही. बायकोने पूर्ण ऐकून घेतलं. “बघितलंस,” ती हळूच म्हणाली. “पहिल्यांदा तू होतास.” त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण जे जे सुचत होतं ते सगळं तयार होऊनच येत होतं. “मी त्यांना हो कळवते,” बायको म्हणाली. “रागावून नाही हं. पोरीला अधूनमधून फोन करत जा. वाचून नको दाखवूस काही तिला, नुसतं बोल.” फोन तिकडून ठेवला गेला. बाईंनी आपला रिसीव्हर मात्र लगेच ठेवला नाही. थोडा वेळ तसाच कानाशी धरून बसल्या आणि मग त्यांनी नियमात नसलेली एक गोष्ट विचारली. “परत लावून देऊ का, साहेब? मी नाही ऐकत. बाहेर उभी राहते.” त्यांचा हात खरोखरच नंबरावर गेला होता.

“नको,” तो म्हणाला. “तिसऱ्यांदा आणखी चांगलं येईल.”